सहावारी साडीत मावलेली पृथ्वी



आमच्या बचत गटातल्या बायका रविवारी वस्तीतल्या सहावी ते आठवीच्या मुलांना अभ्यासाला बसवतात. सध्या आम्ही भूगोल घेतलाय, पृथ्वीचं अंतरंग आणि भूपट्ट. हाच विषय का? २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीकडे जमीन हादरली. आमच्यातल्या कितीजणींची माहेरं तिकडं! मोबाइलवर लगेच निरोप फिरायला लागले की आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार. मुलं घाबरली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आयाही घाबरल्या.

पुस्तकात पृथ्वी कापलेल्या फळासारखी दाखवतात. चित्र छान असतं, पण मापाचा अंदाज येत नाही. म्हणून आम्ही वापरातली सहावारी साडी अंगणात लांबच लांब अंथरली. एक टोक म्हणजे आपली जमीन, पदराचं टोक म्हणजे पृथ्वीचा मध्य. खरं अंतर ६,३७१ किलोमीटर, साडी साडेपाच मीटर. आता भूकवच किती? जमिनीखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर, म्हणजे साडीवर दोन बोटं, बारीक काठाएवढं! पुढं अडीच मीटर प्रावरण, मग दोन मीटरला जरा कमी असा बाह्यगाभा, आणि शेवटचा मीटरभर पदर म्हणजे अंतर्गाभा. रशियात कोला इथं माणसानं बारा किलोमीटर खोल भोक पाडलं, ते साडीवर एक सेंटिमीटर. आपली हजार फुटांची बोअर एका धाग्यात संपते.

एका मुलीनं विचारलं, मग आतलं कळलं कसं? भूकंपाच्या लहरींवरून. त्यातल्या काही लहरी द्रवातून जात नाहीत, त्या बाह्यगाभ्यापाशी अडतात. म्हणून तो द्रव आहे हे समजलं. आपण नारळ कानाशी हलवून आतल्या पाण्याचा अंदाज घेतो, तसंच काहीसं.

मुलांना वाटतं, जमिनीखाली सगळीकडं लाव्हा उकळतोय. तसं नाही. प्रावरण बहुतेक घन खडकच आहे, पण तापलेला आणि फार फार संथ सरकणारा. त्याच्यावर भूपट्ट चालतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडं जातो, साधारण नखं वाढतात त्या चालीनं. त्याच रेट्यानं हिमालय उभा राहिला.

लाव्हा बघायचा तर वेरूळला जावं. कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणात वरून खाली कोरलंय, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हाच आहे. विहीर खणणाऱ्यांना हे थर पुस्तकाच्या आधीपासून माहीत: माती, मुरूम, पाषाण, मध्येच लाल पट्टा.

मग आला अवघड प्रश्न. भूकंप भूपट्टांच्या कडेला होतात असं पुस्तक सांगतं. मराठवाडा तर मधोमध, मग किल्लारी कशी झाली? हा प्रश्न टाळू नये असं आमचं ठाम मत आहे. आम्ही एक वाळका पापड घेतला आणि दोन्ही कडांनी दाबला. तो मध्येच तडकला. हिमालयाशी चाललेल्या रेटारेटीचा ताण सगळ्या भूपट्टात पोचतो, आणि आत जुनी कमजोर जागा असेल तिथं खडक सरकतो. भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं, तेव्हा काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. आपण लाव्हाच्या पातळ गोधडीवर आहोत, खालची जमीन वेगळीच आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. सुमारे दहा हजार जीव गेले. मुलांना हे सांगताना आवाज जड होतो, तरी सांगावं. त्यात एक गोष्ट नीट सांगायची: बहुतेक माणसं घराखाली सापडून गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि माळवद अंगावर आलं. म्हणून तर पुढं तिकडं घरांच्या बांधणीवर एवढा भर दिला.

आणि ते मोबाइलवरचे निरोप? अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होणार हे जगात आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. असा निरोप आला की पुढं पाठवायचा नाही, हे मुलांनीच आता घरी बजावलंय.

या आठवड्याचा गृहपाठ आम्ही आयांसकट दिलाय. आपण झोपतो त्या जागेच्या वर काय काय ठेवलंय, त्याची यादी करायची. पहिल्याच वहीत निघालं: लोखंडी पेटी, पितळी हंडा, धान्याचे दोन डबे आणि पाटा-वरवंटा. तो पाटा त्याच संध्याकाळी खाली उतरला.