पाचवे इंद्रिय आणि समुद्रातील कोलाहल



सुवर्णमहोत्सवी सभेत एका कापड दुकानदाराने समुद्राविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु कासारवाडीचा समुद्राशी संबंध नाही असे समजू नये. चाकणच्या कारखान्यांतील माल कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरास जातो. १९८९ साली सुरू झालेल्या त्याच बंदरातून माझ्या दुकानातील काही कृत्रिम धाग्याचे कापड येते.

जहाजाचा पंखा पाण्यात वेगाने फिरला, की असंख्य बुडबुडे निर्माण होऊन फुटतात. त्यांचा आवाज फार मोठा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. मुंबईलगतच्या गढूळ पाण्यातील हंपबॅक डॉल्फिन आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतात. देवमासे कोसांच्या अंतरावरून एकमेकांना साद घालतात.

आपल्या शास्त्रात जीवांची गणना इंद्रियांवरून होते. पाचवे इंद्रिय श्रोत्र. देवमासा पंचेंद्रिय जलचर. मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण जपतो. पण ज्याचा सारा संसार कानावर चालतो, त्याच्या कानाशी अहोरात्र नगारा वाजतो आहे, हे आपल्या गावीही नसते.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा एकाएकी घटली. पाण्यातील आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला आणि तेथील देवमाशांच्या विष्ठेत सापडणारी ताणाची संप्रेरकेही उतरली. संशोधकांनी हे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. जीव बोलले नाहीत, शरीराने साक्ष दिली.

बहुतेक जहाजांचा वेग कमी केला की आवाज कमी होतो. व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून जहाजांना स्वेच्छेने सावकाश जाण्याची विनंती केली आणि अनेकांनी ती मानली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये सुधारली गेली, तरी ती बंधनकारक नाहीत. आपल्याकडे डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली, वर्दळ वाढणारच.

आता स्वतःविषयी. “दिवाळीपूर्वी माल पोहोचलाच पाहिजे,” असा तगादा मी वर्षानुवर्षे लावत आलो. गेल्या वर्षी मागणी महिनाभर आधी नोंदवली आणि घाई नाही असे कळवले. माझ्या एकट्यामुळे जहाज हळू चालणार नाही, हे मी जाणतो. महिन्याचे व्याज मात्र अंगावर पडले. ते मी व्यापारखर्चात न टाकता जीवदयेच्या खात्यावर लिहिले. आमच्या मुनीमजींना ते अद्याप पटलेले नाही.