पोटातील अन्न आणि मनाची उमेद
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत अध्यापकांपुढे केलेले भाषण)



तिसऱ्या तासाला डोळे मिटू लागणारे, प्रश्न विचारला असता नुसतेच पाहत राहणारे एखादे मूल आपणां सर्वांच्या वर्गात असते. अशा मुलासंबंधी 'मठ्ठ' किंवा 'आळशी' असे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात आणि ते त्या मुलाला पुढे कितीतरी वर्षे चिकटून राहतात. माझी विनंती एवढीच आहे की, असा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याला जवळ घेऊन विचारावे, "बाळ, आज सकाळी काय खाल्लेस?"

हा प्रश्न विचारण्यास सबळ कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. हीच बालके पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. अन्नातील लोह कमी पडले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. मूल लवकर थकते, त्याचे चित्त ठरत नाही, ते चिडचिडे होते. अशा मुलाला उत्साहाचा उपदेश करणे म्हणजे तेल न घालता दिव्याला उजेड मागणे होय.

उपाय मात्र खर्चिक नाहीत. चहा आणि बिस्कीट म्हणजे न्याहारी नव्हे, हे पालकसभेत प्रथम सांगावे. रात्रीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून, अथवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली तरी ती उत्तम न्याहारी होते. चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाही. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एका तासाचे अंतर असावे. याउलट लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू जेवणाबरोबर असेल, तर पालेभाजीतील व कडधान्यातील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. कडधान्य रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की ते पचावयास हलके होते आणि त्यातील 'क' जीवनसत्त्वही वाढते. धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते व डाळीतील उणीव धान्य. वरणभात, खिचडी, थालीपीठ हे आपले जुने पदार्थ या दृष्टीने किती शहाणपणाचे आहेत, ते मुलांना समजावून सांगावे.

शाळेतील भोजन हा तर आपला प्रत्यक्ष पाठच आहे. १९९५ साली देशभर सुरू झालेली ही योजना २०२१ पासून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने ओळखली जाते. तिच्या मानकांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलास एका भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. परंतु मानके कागदावर राहतात आणि मूल पंगतीत बसते. म्हणून शिक्षकाने त्याच पंगतीत बसून तेच अन्न जेवावे. पंगतीत कोणाची जागा ठरलेली नसावी. आज जो शेवटी बसला तो उद्या मध्ये बसावा. प्रथम थोडे वाढावे, पुन्हा मागण्यास संकोच वाटू देऊ नये. जेवताना कोणाच्याही अभ्यासाची उणीदुणी काढू नयेत. अपमानाबरोबर गिळलेला घास मुलाला गोड लागत नाही.

आता मनाच्या सवयीविषयी. शाळा सुटण्यापूर्वी पाच मिनिटे राखून ठेवावीत. आज आपल्याला काय जमले, किंवा दुसऱ्याने केलेले कोणते चांगले काम आपण पाहिले, हे रोज चारपाच मुलांनी सांगावे. आपणही प्रशंसा करताना 'तू हुशार आहेस' असे मोघम न म्हणता, 'काल तुझा हातचा चुकत होता, आज तो बरोबर आला' असे नेमके सांगावे. आपली प्रगती आपल्या श्रमाने होते, हे ज्या मुलाला दिसले, त्याची उमेद सहसा खचत नाही.

तथापि सवयींनी सर्वच दुखणी बरी होत नाहीत. ज्याच्या पापणीची आतली बाजू व नखे फिकट दिसतात, ज्याला थोडे धावताच धाप लागते, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास पालकांना सांगावे. आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी मुलाने जेवणानंतर आपल्यासमक्ष घेतली की नाही, ते पाहावे. पुष्कळ दिवस उदास राहणाऱ्या मुलाशी एकांतात बोलावे. कदाचित त्याचे दुःख ताटात नसून घरात असेल.

हे सारे एकदम करू जाल तर काहीच टिकणार नाही. येत्या महिन्यात एकच सवय निवडावी आणि ती प्रथम स्वतःस लावून घ्यावी. मुले आपले बोलणे विसरतील. आपण काय खातो आणि कसे वागतो, हे मात्र ती रोज पाहत असतात.