फी माफ, शिक्षण महाग

(मलकापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



महाविद्यालयीन शिक्षण महाग झाले, ही तक्रार आता इतकी नित्याची झाली आहे की तिच्यातील आशयच हरवू लागला आहे. तक्रार करणारा फीचा आकडा सांगतो, सरकार शिष्यवृत्त्यांची यादी पुढे करते, आणि वाद तेथेच संपतो. परंतु मलकापूर, नांदुरा, मोताळा या तालुक्यांतील एखाद्या शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च मांडून पाहिला, तर फी हा त्यातील केवळ एक रकाना आहे, आणि पुष्कळदा तो सर्वांत मोठाही नाही, असे दिसून येईल. मोठा रकाना आहे तो परगावी राहण्याचा व जेवण्याचा.

हिशेब सरकारच्याच भावाने करावा, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप नको. पाच एकर कोरडवाहू जमीन, तीन एकरांत कापूस आणि दोन एकरांत सोयाबीन, असे कुटुंब समजा. एकरी पाच क्विंटल कापूस झाला आणि २०२४-२५ च्या हंगामातील लांब धाग्याचा ७,५२१ रुपयांचा हमीभाव पुरा पदरात पडला, तर पंधरा क्विंटलांचे सुमारे १ लाख १३ हजार रुपये होतात. सोयाबीन एकरी सहा क्विंटल, हमीभाव ४,८९२ रुपये. बारा क्विंटलांचे साधारण ५९ हजार. एकूण १ लाख ७२ हजार. बियाणे, खते, फवारणी, निंदण आणि वेचणी यांत यातील निम्मी रक्कम गेली असे मानले, तर हाती ८६ हजार राहतात. (निम्म्यातच भागते हे ऐकून शेतकरी हसतील, आणि त्या हंगामात बाजारातील सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले गेले, हे वेगळेच.) या घरचा मुलगा पुण्याला शिकतो. खोली व मेस मिळून महिना आठ हजार धरले, तर दहा महिन्यांचे ८० हजार होतात. फीचा एक रुपयाही अजून भरलेला नाही, आणि घरी उरलेल्या माणसांनी वर्ष काढावयाचे आहे ते सहा हजारांत.

यावर उत्तर येते की शासनाच्या योजना आहेत. आहेत, हे मान्य केले पाहिजे. खुल्या प्रवर्गातील दुर्बल घटकांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शिक्षण शुल्क राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून मिळते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाबाहेर राहण्याच्या खर्चास मदत करणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आणि ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले. हा शेवटचा निर्णय स्वागतार्हच आहे. तो निवडणुकीच्या तोंडावर झाला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

मात्र या योजनांत एक दोष आहे, आणि तो पंचांगाचा आहे. खर्च येतो जुलै-ऑगस्टमध्ये. खोलीची अनामत, मेसचा आगाऊ पैसा, प्रवेशाच्या वेळची रक्कम हे सारे त्याच दोन महिन्यांत. शेतकऱ्याच्या घरातला पैसा त्यावेळी पेरणीत आणि खतात गेलेला असतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, कापसाचा त्याच्याही नंतर. आणि शिष्यवृत्तीचा हप्ता? तो अर्ज, पडताळणी, त्रुटी आणि मंजुरी या वाटेने कधी वर्षअखेरीस येतो, कधी पुढच्या वर्षी. म्हणजे ज्याच्यापाशी आधी पैसा आहे त्यालाच नंतर मिळणाऱ्या मदतीचा लाभ सुखाने घेता येतो. ज्याच्यापाशी नाही, त्याने मधले सहा-आठ महिने कोठून तरी उसने आणावयाचे. या सहा-आठ महिन्यांतच सावकार राहतो. तेथेच आईची पोत गहाण पडते, तेथेच बैलजोडी विकली जाते. पुढे सरकारची रक्कम आली तरी त्यावरचे व्याज सरकार देत नाही.

बँकेचे शैक्षणिक कर्ज हा मार्ग सांगितला जातो. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे २००१ पासूनच्या आदर्श योजनेतच आहे. परंतु वडिलांचे पीककर्ज एका दुष्काळात थकले की सिबिलचा दाखला मुलाच्या आड येतो. २०२४ च्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेचे दार तर निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांपुरतेच उघडे आहे. तेथे प्रवेश मिळविणारे विद्यार्थी बहुधा कोणत्या घरांतून व कोणत्या शिकवणीवर्गांतून येतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हा भार कुटुंबावर कसा आला, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १९५९ च्या सुमारास, कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळाली, आणि त्यातून वऱ्हाडातील एक अख्खी पिढी शिकली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाची केवळ निंदा करणे अन्यायाचे होईल. तोवर या जिल्ह्यातील मुलाला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी अमरावती गाठावी लागे. शेगावचे गजानन महाराज संस्थेचे महाविद्यालय त्याच वर्षी निघाले. दार उघडले, हे खरे. परंतु दाराचे भाडे पालकाने द्यावयाचे, हे तत्त्वही त्याच वेळी मान्य झाले. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना परवानगी कायम विनाअनुदान तत्त्वावर मिळू लागली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सर्वोच्च न्यायालयाने नफेखोरी नको, परंतु वाजवी शिल्लक चालेल, असे सांगितले. शिल्लक कोठे संपते आणि नफा कोठे सुरू होतो, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूने अनुदानित महाविद्यालये पोकळ होत गेली. प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रोखून धरल्यामुळे अनेक विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालतात, आणि त्या अध्यापकांना वर्षाचे सगळे महिने वेतनही मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी घरी राहून स्वस्तात शिकण्याची जी सोय मागच्या पिढीने उभी केली, तिच्यावरचा पालकांचा विश्वास असा उडाला. मग दहावीनंतरच मुलाला अकोल्याला किंवा लातूरला ठेवण्याची घाई सुरू होते. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के मागितले होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा पुन्हा छापला आहे.

याचा सर्वांत खोल घाव मुलीवर होतो, आणि तो कोणत्याही पाहणीत सहज दिसत नाही. घरात दोन मुले असतील तर परगावी एकालाच ठेवणे शक्य असते. मुलाचे निम्मे शुल्क भरावे लागते, मुलीचे शून्य; म्हणजे सरकारी हिशेबाने मुलगी स्वस्त. तरीही पुण्याला जातो तो मुलगाच. कारण मुलीसाठी सुरक्षित वसतिगृह हवे, ते सरकारी यादीत मिळाले नाही तर खाजगी, आणि खाजगी म्हणजे मुलाच्या खोलीपेक्षा महाग. ती गावातच बी.ए.ला नाव घालते, घरचे काम पाहते, वेचणीला जाते आणि भावाच्या मेसचा पैसा त्यातूनही उभा राहतो. तिची फी माफ झालेली असते, परंतु ती माफी घेण्याच्या गावापर्यंत ती पोचलेलीच नसते.

आपल्या पूर्वसूरींनी हे ओळखले होते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहापासून आरंभ केला. पंजाबरावांचे श्रद्धानंद छात्रालय अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थेच्या आधी निघाले. कर्मवीरांच्या साताऱ्यातील बोर्डिंगात तर पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. या तिघांनाही ठाऊक होते की गरीब घरच्या मुलाची पहिली अडचण वर्गाची नसून भाकरीची आणि छपराची असते. फीच्या मोर्चांत गुंतलेल्या चळवळीने हे धडे मागे टाकले, असे म्हणावे लागते.

म्हणून मागणी तीन ठिकाणी रेटली पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे सरकारी वसतिगृह, त्यात कोणत्याही अभ्यासक्रमाच्या मुलीला प्रवेश. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशी, पडताळणी मागाहून. आणि अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त जागा पूर्ण वेतनावर भरणे. परंतु निवेदन देण्यापूर्वी हाती आकडे हवेत. मलकापूर तालुक्यात गेल्या तीन वर्षांत बारावी झालेल्या मुली किती, पुढे कोठे गेल्या, कोणाचे शिक्षण कशामुळे थांबले, कोणत्या घरी काय गहाण पडले, हे गावोगाव जाऊन लिहून आणण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. एका गावाला दोन संध्याकाळी पुरतील. हे काम मे महिन्यातच झाले पाहिजे. प्रवेशाच्या याद्या लागतात तेव्हा घराघरांतले निर्णय होऊन गेलेले असतात.