कँटरव्हिलचें भूत आणि त्याचे प्रेक्षक

घरांतल्या सर्व माणसांनीं एकत्र बसून पाहावा असा भुताचा चित्रपट काढणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. एकाच रांगेंत आजी, आई-बाप आणि आठ-दहा वर्षांचीं मुलें बसलेलीं असतात. मुलांना भूत हवें असतें. आईला त्यांची रात्रींची झोंप मोडूं नये एवढीच काळजी असते. पैसे देऊन आपण पोरखेळ पाहत बसलों अशी चुटपुट बापाला नको असते. आणि त्या भुताला शेवटीं गति मिळाली कीं नाहीं हें कळल्यावांचून आजीला चैन पडत नाहीं. चित्रगृहांतून बाहेर पडतांना ह्या मंडळींचीं मतें जुळलीं नाहींत तर त्यांत नवल कसलें? ऑस्कर वाइल्ड ह्या आयरिश लेखकाच्या ‘कँटरव्हिलचें भूत’ ह्या कथेवरून निघालेल्या चित्रपटांच्या वांट्याला अशी मतभिन्नता पुन्हां पुन्हां आली आहे. तिचें मूळ शोधूं गेल्यास तें पडद्यावर कमी आणि त्या कथेंतच अधिक सांपडतें.

ही कथा १८८७ सालीं लंडनच्या एका नियतकालिकांत प्रथम प्रसिद्ध झाली. हिरम ओटिस नांवाचा अमेरिकन राजदूत इंग्लंडमधला एक जुना वाडा विकत घेतो. वाड्यांत भूत आहे हें विकणाऱ्या उमरावानें प्रामाणिकपणें आधींच सांगितलेलें असतें. ओटिससाहेब तें हसण्यावारीं नेतात. सर सायमन ह्या पूर्वजानें १५७५ सालीं आपल्या पत्नीचा खून केला, तेव्हांपासून ग्रंथालयाच्या जमिनीवर रक्ताचा एक डाग आहे. ओटिसांचा थोरला मुलगा बाजारी औषधानें तो डाग पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशीं डाग पुन्हां हजर. तो पुन्हां पुसला जातो. असें कांहीं दिवस चालल्यावर डागाचा रंग बदलूं लागतो आणि एके दिवशीं तो चक्क हिरवा होतो, कारण बिचारें भूत ओटिसांच्या मुलीच्या रंगपेटींतून रंग चोरीत असतें! बेड्यांचा खळखळाट करीत तें मध्यरात्रीं फिरूं लागतें तेव्हां गृहस्वामी त्याच्यापुढें बेड्यांना लावण्यासाठीं तेलाची बाटली ठेवतात. जुळीं भावंडें तर त्याला पुरतें सळो कीं पळो करून सोडतात. तीनशें वर्षें भल्याभल्यांची गाळण उडविणाऱ्या भुताची ही फजिती वाचतांना आजहि हसूं आवरत नाहीं.

परंतु कथा तेथें संपत नाहीं. पंधरा वर्षांची व्हर्जिनिया एकट्या बसलेल्या त्या भुताला पाहते आणि त्याच्यावर रागावते. बायकोला मारणें वाईट, असें ती त्याला सरळ तोंडावर सांगते. मग तिला कळतें कीं, पत्नीच्या भावांनीं सर सायमनला उपाशी मारलें, आणि तेव्हांपासून त्याला झोंप नाहीं. तो तिच्याजवळ एवढेंच मागतो कीं, तिनें त्याच्यासाठीं रडावें आणि प्रार्थना करावी. ती त्याच्याबरोबर भिंतीपलीकडच्या अंधारांत जाते. ती परत येते तेव्हां एका गुप्त कोठडींत साखळदंडांनीं जखडलेला सांगाडा सर्वांना दिसतो, आणि वठलेल्या बदामाच्या झाडाला फुलें आलेलीं असतात. चार दिवसांनीं त्या अस्थींवर रीतसर अंत्यसंस्कार होतो. अर्धी कथा प्रहसनाची, अर्धी क्षमेची आणि मरणाची. हा सांधा कागदावर वाइल्डनें जुळविला, पण पडद्यावर तो फार थोड्यांना साधला आहे.

१९४४ सालीं, महायुद्ध चालू असतांना, हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें ह्या कथेवर बोलपट काढला. जूल्स डासिन हा त्याचा दिग्दर्शक. भुताच्या भूमिकेंत चार्ल्स लाफ्टन आणि वाड्याच्या चिमुकल्या मालकिणीच्या भूमिकेंत मार्गरेट ओब्रायन. येथें सर सायमन खुनी उरला नाहीं. द्वंद्वाच्या वेळीं पळून जाऊन लपलेल्या ह्या भित्र्या मुलाला बापानेंच भिंतींत चिणून टाकलें, आणि त्याच्या नांवानें एखादा वंशज शौर्य गाजवील तेव्हांच त्याची सुटका, असा शाप दिला. वाड्यांत उतरलेल्या अमेरिकन सैनिकांपैकीं एक जण तो वंशज निघतो आणि जिवंत बाँब जीपगाडीला बांधून ओढून नेतो. मूळ कथेचे चाहते ह्या बदलावर रुष्ट होतात, तें समजण्यासारखें आहे. पण ज्या घरांतले मुलगे रणांगणावर होते त्या घरांतल्या प्रेक्षकांना भीति जिंकण्याची गोष्ट अधिक जवळची वाटली असेल तर त्यांना तरी दोष कसा द्यावा? लाफ्टनच्या गुबगुबीत, रडव्या, बढाईखोर भुताबद्दल मात्र सहसा दुमत आढळत नाहीं.

त्यानंतरच्या आवृत्त्यांचा विचार थोडक्यांत पुरे. १९८६ सालीं जॉन गिलगुड आणि १९९६ सालीं पॅट्रिक स्टुअर्ट ह्या दोघां नामवंत नटांनीं दूरचित्रवाणीसाठीं हें भूत रंगविलें. २०२३ च्या व्यंगचित्रपटांत स्टीफन फ्राय ह्यानें त्याला आवाज दिला. १९९६ च्या चित्रांत स्टुअर्टच्या अभिनयामुळें भुताचें दुःख खरें वाटतें. त्याच कारणानें विनोद मागें पडला, अशी तक्रारहि ऐकूं येते. दोन्ही मतें बरोबर आहेत.

ह्या भुताचा सर्वांत मोठा कायापालट झाला तो आपल्याकडे. ९ मे २००८ रोजीं विवेक शर्मा दिग्दर्शित ‘भूतनाथ’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. वाडा इंग्लंडांतून गोव्याच्या किनाऱ्यावर आला, आणि सर सायमनच्या जागीं अमिताभ बच्चन ह्यांचा कैलाशनाथ उभा राहिला. बाप आगबोटीवर नोकरीला, म्हणून आईबरोबर राहणारा बंकू नांवाचा लहान मुलगा त्याला मुळींच भीत नाहीं. पूर्वार्धांत मुलें खो खो हसतात. उत्तरार्धांत ह्या म्हाताऱ्याची हकीकत उलगडते: मुलगा अमेरिकेंत जाऊन तेथलाच झाला, बाप रिकाम्या घरांत एकटा राहिला. येथून पुढें चित्रगृहांत दोन निरनिराळे चित्रपट चालूं होतात म्हणाना! मुलें चुळबुळ करूं लागतात आणि मोठीं माणसें डोळे पुसूं लागतात. पूर्वार्ध चांगला आणि उत्तरार्ध रडका, हें ह्या चित्रपटाविषयींचें नेहमीचें मत. पण तें बोलणाऱ्याचें वय विचारल्याशिवाय त्याचें मोल ठरवितां येत नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा घरांतून तर तो उत्तरार्धच चित्रपट ठरतो.

भूतनाथला श्राद्धानें मुक्ति मिळते, हें वाइल्डच्या वाचकांना खटकतें. कोठें व्हर्जिनियाचे अश्रू आणि कोठें पिंडदान, असा त्यांचा सूर असतो. पण मूळ कथेंतहि अस्थी सांपडून त्यांचा विधिपूर्वक दफनविधि झाल्यावरच प्रकरण मिटतें. अतृप्त आत्मा आणि राहिलेली उत्तरक्रिया हें नातें पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या समाजाला कोणी समजावून सांगावयास नको. ह्या एका बाबतींत हिंदी चित्रपट १९४४ च्या बोलपटापेक्षां मूळ कथेला अधिक जवळ आहे.

तो दूर गेला तो दुसऱ्याच ठिकाणीं. वाइल्डचें भूत अपराधी होतें; लाफ्टनचें भ्याड होतें; बच्चन ह्यांचें भूत निर्दोष आहे. खुनी आजोबा बालगोपाळांपुढें आणणें निर्मात्यांना परवडत नाहीं, हें खरें. परंतु त्यामुळें क्षमा मागण्याची पाळी भुतावरून उठून जिवंत मुलावर येते. वाइल्डच्या कथेंत एक लहान मुलगी एका पाप्यासाठीं रडली, हें सर्वांत अवघड होतें. निर्दोष म्हाताऱ्यासाठीं रडावयास कोणालाच जड जात नाहीं, आणि उत्तरार्धांतले अश्रू कांहीं प्रेक्षकांना स्वस्त वाटतात तें बहुधा म्हणूनच.

२०१४ सालीं ‘भूतनाथ रिटर्न्स’ निघाला. श्राद्ध होऊन गेलेलें भूत परत कसें येतें, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. मुलांना तो पडला नाहीं. ह्या दुसऱ्या चित्रांत वाडा नाहीं, व्हर्जिनिया नाहीं, उलट भूत धारावींतल्या एका पोराला हाताशीं धरून निवडणुकीला उभें राहतें. वाइल्डचा मागमूसहि उरला नाहीं असें वाटावें, तर आरंभींच भूतलोकांतलीं इतर भुतें भूतनाथला हसतात, कारण त्याला साधें एक पोरहि घाबरवितां आलें नव्हतें! हिरव्या डागापाशीं हताश होऊन बसलेल्या सर सायमनची ज्यांना आठवण होती, ते प्रेक्षक त्या प्रसंगीं इतरांपेक्षां अंमळ जास्तच हसले असतील.