वावरात ती, सातबाऱ्यावर तो



माझ्या आधीच्या वक्त्यांनी सेवाग्राम, पवनार, महिलाश्रम यांचा गौरव केला. तो खराच आहे. पण गांधी-विनोबांच्या वर्धा जिल्ह्यात राहतो एवढ्यावर समतेचं प्रमाणपत्र कुणी खिशात घालू नये. देवळी, आर्वी, समुद्रपूर, कुठल्याही तालुक्यातले सातबारे उघडा. सरकी टोबण्यापासून निंदणापर्यंत आणि निंदणापासून कापसाच्या वेचणीपर्यंत जी बाई वावरात वाकलेली असते, तिचं नाव किती उताऱ्यांवर आहे ते मोजा. मग बोलू.

संविधानाचं कलम 15 लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं, कलम 39 समान कामाला समान वेतन मागतं. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्राने 1994 मध्ये, देशाने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने शेवटची पळवाटही बुजवली : हा हक्क जन्मानेच मिळतो, 2005 मध्ये बाप हयात असण्याची अट नाही. कायदा इतका स्वच्छ असताना आमची बहीण कचेरीत जाते ती कशाला? हक्कसोडपत्रावर सही करायला! नाही केली तर माहेर तुटेल, असं तिला सांगितलं जातं. भावांनो, हिस्सा मागताच तुटणारं माहेर तुम्ही तोडता. आळ तिच्यावर का?

पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत वर्धा आहे. नवरा गेला की त्याच्या बाईला सांगतात, जमीन सासऱ्याच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही. उताऱ्यावर नाव नाही म्हणून तिला पीककर्ज नाही, गारपिटीची भरपाई नाही. सावकार मात्र तिच्याच दारात उभा. तरीही हा घरातला मामला आहे, बाहेर बोलू नका, असं म्हणणारे इथे बसले आहेत. त्यांच्याशी माझं उघड भांडण आहे. या जिल्ह्यातली दारूबंदी टिकवायला बाया भट्ट्या फोडतात, तेव्हा तुम्ही त्यांना रणरागिणी म्हणता. त्याच बाया जमिनीचं बोलल्या की घरफोड्या कशा होतात?

बाईच्या नावे जमीन करणं शेतकऱ्याला पटत नाही, असं मला सांगू नका. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला प्रचंड संख्येने शेतकरी बाया जमल्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्ती मांडली : गावातल्या शंभर कुटुंबांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून द्यायची. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती करून दिली. तेही कर्जबाजारीच होते. पुढे 1992 मध्ये सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. म्हणजे वाट आहे. तिच्यावर चालायची दानत हवी.

म्हणून हारतुरे बाजूला ठेवा. मी ठराव मांडते : इथे हजर असलेल्या प्रत्येक जमीनधारक पुरुषाने पेरणीआधी बायकोच्या नावासाठी अर्ज करावा, आणि आमच्या मंडळांनी गावोगावी चावडीवर बसून फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा. बहिणींची हक्कसोडपत्रं यापुढे इथे हजर असलेल्यांच्या घरात होणार नाहीत.

सूचक मी आहे. बायांनी हात खाली ठेवावेत. अनुमोदन मला पुरुषांच्या बाजूने हवं आहे, आणि नाव-गाव सांगून हवं आहे.