आपण अजून चौथ्या गटात

(सावेडी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी मी विचारलं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी तुमच्यापैकी कुणाकुणाची झाली आहे? चार हात वर झाले. सावेडीत दवाखान्यांना तोटा नाही, तरी ही गत. मग पाथर्डी-शेवगावच्या वाड्यावस्त्यांवर काय असेल?

हा आजार एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात. तेवढ्या काळात तपासणी झाली, तर बिघडलेला भाग छोट्या उपचाराने काढता येतो. फिनलंडने १९६०च्या दशकातच बायकांना घरी निरोप धाडून तपासणीला बोलावलं आणि तिथले मृत्यू खूप कमी झाले. जगात २०२२ साली या आजाराने सुमारे साडेतीन लाख स्त्रिया गेल्या. त्यांतल्या शंभरातल्या ९४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. विषाणू सगळीकडे तोच. फरक आहे तो तपासणीचं बोलावणं येण्या-न येण्याचा.

आपल्या जामखेडपलीकडे उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. तिथे १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला काहीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या गटात या आजाराने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४.

अभ्यासकांची बाजू अशी : भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, म्हणून चौथ्या गटाचं काही हिरावून घेतलं नाही; तपासणी कुठे मिळते हे त्यांना सांगितलं होतं. या निष्कर्षांचा जगभरच्या गरीब बायकांना उपयोग झाला, हेही मला मान्य आहे. पण असा चौथा गट फिनलंडमध्ये करता आला असता का? नाही. तिथे तपासणी ही रोजची गोष्ट झाली होती. आपल्याकडे ती नव्हती, म्हणून ती न देणं हीच 'नेहमीची सेवा' ठरली. आधी द्यायचं नाही, आणि मग न मिळणं हाच आपला दर्जा मानायचा!

आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. अभ्यास संपला, देश अजून चौथ्या गटातच आहे.

याला महागडं यंत्र लागत नाही. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पाहायचं, हे शिकलेली नर्सही करू शकते. २०१६ मध्ये सरकारनेच तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी करण्याच्या सूचना काढल्या. म्हणून आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारू या : तपासणी कोणत्या वारी होते? पडदा आहे का? तपासणारी बाई आहे का? काय करणार ते आधी नीट सांगतात का? दोष आढळला तर पुढे कुठे पाठवतात, आणि तिथवरचं भाडं कोण देतं?

एकेकटीने गेलो तर परत पाठवतील, दहाजणी मिळून जाऊ. पुढच्या बैठकीत मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे.