मोठा कपडा, कात्री न लावता

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक. शिवणाचा कोर्स मी केलेला नाही, बी. ए. केलंय, तेही इतिहासात. त्यामुळे आज सांगणार आहे ते सगळं चुकतमाकत शिकलेलं आहे.

गेल्या जूनची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी, पाचवीतली. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच पोट दुखतंय म्हणून घरी बसली. पोटबिट काही दुखत नव्हतं. थोरल्या बहिणीचा गणवेश तिला दिला होता, खांदे दंडावर ओघळलेले, आणि वर्गातली मुलं तिला बुजगावणं म्हणत होती. पेरणीचे दिवस, नवा गणवेश घ्यायचा कुठून?

आईनं गणवेश उकळत्या पाण्यात टाकला. गरम पाण्यात कापड आटतं, हे आपण ऐकलेलं असतं. आटतं, पण कोरं सुती. दोन-चार धुण्यांत जे आटायचं ते आटून गेलेलं असतं. शिवाय ते बहुधा उंचीला जास्त आटतं, रुंदीला कमी. म्हणजे कुडता आखूड होतो आणि ढगळ तो ढगळच राहतो! हा गणवेश तर टेरीकॉटचा. तो तसूभर आटला नाही, सुरकुत्या मात्र पक्क्या बसल्या.

मग तो माझ्याकडे आला. छातीत चार इंच सैल होता. मी हिशेब केला, दोन बाजू, दोन-दोन इंच, आणि जुन्या शिलाईच्या दोन इंच आत दोन्हीकडे मशीन मारली. पोरीचा हात आत जाईना. माझं काय चुकलं? प्रत्येक बाजूला कापड दुहेरी असतं, पुढचं आणि मागचं. शिलाई एक इंच आत घेतली की त्या बाजूचे दोन इंच कमी होतात. म्हणजे चार इंचांसाठी दोन्हीकडे एकेक इंच पुरे. मी आठ इंच घेतले होते!

नशीब, कात्री लावली नव्हती. रात्री बसून सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी तिला गणवेश उलटा घालायला लावला आणि आधी खांदे धरले. बाही न उसवता खांद्यावर पुढून मागे एक चूण घातली, अर्ध्या इंचाची. तेवढ्यानं खांदा एक इंच वर येतो. खांदे बसल्यावरच बाजू मोजायच्या, कारण तोवर सैल किती ते खरं कळत नाही. मग टाचण्या लावून, हातानं कच्चा टाका घालून, पुन्हा अंगात घालून बघितलं. हात वर कर, खाली वाक, दप्तर घे. त्यानंतरच मशीन, बाहीच्या टोकापासून काखेतून खाली, एका ओळीत. आतली माया तशीच ठेवली. जाड वाटली तर इस्त्री करून मागच्या बाजूला दाबायची, कापायची नाही.

सोमवारी पोरगी शाळेत गेली. यंदा जूनमध्ये खांद्याची चूण उसवली, बाजूही अर्धा इंच सोडल्या. उसवलेल्या जागी जुन्या शिलाईची रेघ दिसते थोडी, ते खोटं कशाला सांगू.

गुरुवारच्या बैठकीला मशीन असतं. ढगळ कपडा असेल तर घेऊन या. धुऊन आणा, आणि ज्याचा आहे त्यालाही सोबत आणा.